शेवटच्या नळाचं पाणी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बॅरी सिंड्रोमची साथ आली, तेव्हा आरोग्य खात्याचा रोज एक तक्ता यायचा. पुणे महापालिका, महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेली गावं, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण, इतर जिल्हे अशी त्यात रुग्णांची विभागणी असायची. मी दुसऱ्या ओळीवर अडकले. ही गावं महापालिकेतच आहेत ना? मग त्यांची मोजणी वेगळी का? थोड्याच दिवसांत आकड्यांनी उत्तर दिलं. सगळ्यात जास्त रुग्ण त्याच ओळीत होते.

नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, धायरी त्याआधी २०१७ मध्ये. खडकवासल्याचं धरण इथून हाकेच्या अंतरावर. त्याच धरणाचं पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात जातं, गाळलं जातं, शुद्ध होतं आणि मग पेठांमधल्या नळांना येतं. धरणाच्या उशाशी राहणाऱ्या या गावांना मात्र विहिरीवरून पाणी मिळत होतं, आणि शुद्धीकरण म्हणून त्यात फक्त क्लोरीन सोडलं जात होतं. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. या आजारात बहुतेकदा आधी जुलाब होतात. ते थांबतात, माणूस कामाला लागतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी पायांत मुंग्या येतात, मग उठताच येत नाही. जंतूशी लढायला निघालेली शरीराची फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटलेली असते. काहींना श्वास घ्यायलाही यंत्र लागतं. त्या साथीत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला.

साथ लागल्यावर महापालिका धावली. कमला नेहरू रुग्णालयात खाटा राखून ठेवल्या, घरोघर तपासणी झाली, पाण्याचे नमुने घेतले. त्या दिवसांत राबलेल्या परिचारिकांबद्दल आणि आशाताईंबद्दल मला आदर आहे. पण २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं शहरात घेताना पहिला प्रश्न हवा होता तो शुद्ध पाणी कधी पोचणार हा. साथ येऊन गेल्यावर त्याचं उत्तर शोधणं म्हणजे चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळल्यावर शोधणं.

उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं दुखणं याहून जुनं. ही गावं शहरात नव्हती तेव्हापासून शहराचा कचरा त्यांच्या उशाशी पडत होता. कचऱ्याचं काळं पाणी झिरपून विहिरी नासल्या, गावाला टँकर लावावे लागले. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली, २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. हद्द आत आली, बाहेर गेली. कचऱ्याचे डोंगर तिथेच उभे राहिले.

चांगली महापालिका किंवा चांगली ग्रामपंचायत ओळखायची कशी, असं मला कुणी विचारलं तर मी दवाखान्याची नवी इमारत बघायला जाणार नाही. मी शेवटच्या नळाशी जाऊन उभी राहीन.

मागच्या पावसाळ्यात उभी राहिलेच. भीमेकाठचं एक गाव. सकाळी साडेसहाला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीवर चढला, त्याच्यामागे मी. टाकी ५० हजार लिटरची. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे अख्ख्या टाकीला पाव किलो. प्लास्टिकच्या बादलीत त्याने पावडर कालवली, काठीने गुठळ्या मोडल्या, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतली. तोंडाला पंचा, डोळ्यांतून पाणी. हातमोजे कुठे आहेत विचारलं, तर म्हणाला, "मागितल्यात की ताई. अजून आलं न्हाईत." मग अर्धा तास तो नुसता बसून राहिला. क्लोरीनला काम करायला तेवढा वेळ द्यावा लागतो. घाईत व्हॉल्व्ह सोडला तर पावडर वाया आणि पाणी तसंच.

त्या पावडरीचंही ऐकून ठेवा. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, खोलीत ओल आली, की ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकीत टाकणं म्हणजे चुना टाकणं. एक कोरडी खोली, पाव किलो चांगली पावडर आणि वेळेवर पगार मिळणारा एक माणूस, एवढ्यावर गावातले जुलाब, कावीळ, विषमज्वर अडवता येतात. त्या माणसाचा पगार मात्र तीन महिन्यांचा थकला होता. पाणीपट्टी वसूल होत नाही म्हणून पगार नाही, असं कारण त्याला दिलं होतं.

व्हॉल्व्ह सुटला. पहिला नळ चौकातला, सरपंचांच्या घराशेजारचा. त्याने क्लोरोस्कोपच्या काचेच्या नळीत पाणी धरलं, ओटी या क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे थेंब टाकले, अंगठ्याने तोंड दाबून हलवलं. पाणी छान पिवळं झालं. पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, पुढे कुठे जंतू भेटला तर त्याला मारायला काहीतरी उरलं आहे. मग आम्ही चार आळ्या ओलांडून, गटाराच्या कडेकडेने, उताराला असलेल्या वस्तीत गेलो. शेवटचं घर. नळाला करंगळीएवढी धार. नळीत पाणी धरलं, थेंब टाकले, हलवलं. काहीच झालं नाही. पुन्हा दोन थेंब. पाणी होतं तसंच, पांढरं स्वच्छ. त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याची मला त्या क्षणी भीती वाटली.

घरातल्या आजी उंबऱ्यावर आल्या. "काय झालं रं?"

"काय न्हाय आजी. आजचं पानी उकळून प्या."

"आन गॅस कोन भरनार?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

टाकी एकच, पाइप एकच, पावडर एकच. मग फरक कुठे पडला? वाटेत. गावाला पाणी दिवसातून तासभर. उरलेले तेवीस तास पाइप रिकामा असतो आणि रिकामा पाइप आजूबाजूचं पाणी आत ओढतो. आमच्या वाटेवर चाळीसेक फूट पाइप गटारातूनच गेला होता आणि एका जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. शिवाय वरच्या आळ्यांतल्या बऱ्याच घरांनी नळाला मोटर लावलेली. ज्याच्याकडे मोटर त्याची टाकी भरते, खालच्या वस्तीला धार उरते. वाटेत मिसळलेली घाण मारता मारता क्लोरीन संपतं. म्हणून आजींच्या नळाला आलेलं पाणी चौकातल्या पाण्यासारखंच दिसतं, पण ते वेगळं पाणी असतं. ग्रामपंचायतीच्या सभेत मोटारींवर कुणी बोलत नाही, कारण मोटरवाल्यांची घरं मोठी आहेत आणि सभेला तेच येतात.

राज्याच्या व्यवस्थेला हे सगळं माहीत आहे. गावातल्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा पाहणी होते, पावसाळ्याआधी आणि नंतर. जोखीम जास्त असेल त्या ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. मला ही पद्धत आवडते. साधी आहे, रंग सगळ्यांना कळतो, कार्ड ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येतं. पण कार्ड अख्ख्या गावाला एकच मिळतं. ओटीची नोंदसुद्धा पुष्कळ ठिकाणी चौकातल्या नळावरच होते, कारण तो टाकीजवळ असतो. नियम सांगतो की क्लोरीन शेवटच्या टोकाला मोजा, तिथे ०.२ पीपीएम तरी शिल्लक राहिलं पाहिजे. आमच्या जलसुरक्षकाने त्या दिवशी नोंदवहीत दोन्ही नोंदी लिहिल्या. चौकात पिवळं, वस्तीत निरंक. पगार थकलेला असताना त्याने खरी नोंद लिहिली. त्या सकाळी मी पाहिलेलं सगळ्यात मोलाचं काम ते होतं.

हे शेवटचं घर कुणाचं असतं, ते महाराष्ट्राला सांगायला नको. नळाचा पाइप गावात शिरला तो आधीच्या पाणवठ्यांची वाट धरूनच शिरला.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे कोर्ट-कचेऱ्या झाल्या, उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आज स्थानिक स्वराज्य संस्थांवर लिहिताना मला हा प्रसंग सगळ्यात आधी आठवतो, कारण सार्वजनिक पाणी कुणाला द्यायचं हे तेव्हाही नगरपालिकाच ठरवत होती आणि एकाच सभागृहाने तीन-साडेतीन वर्षांत दोन्ही निर्णय दिले. त्याआधी १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी स्वतःच्या घरचा हौद खुला केला, तेव्हा त्यांनी कुठल्या ठरावाची वाट पाहिली नव्हती. १८७६ पासून तेच जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आपल्याकडच्या नगरसेवकपणाचा हा वारसा आहे, आणि तो आजच्या प्रत्येक नगरसेवकाला कुणीतरी सांगायला हवा.

आता जात विचारून नळ देत नाहीत. आता कागद विचारतात. मुंबईत अमुक सालानंतरची झोपडी असेल तर अधिकृत नळजोडणी नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. त्या वस्त्यांतली माणसं कॅनने पाणी विकत घेत राहिली, आणि लिटरचा हिशेब केला तर नळवाल्या इमारतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजत राहिली. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. 'सर्वांसाठी पाणी' हे महापालिकेचं धोरण आलं २०२२ मध्ये. मधल्या साडेसात वर्षांत त्या वस्त्यांत जन्मलेली मुलं शाळेत जायला लागली. त्यांच्या आयांनी डोक्यावरून किती पाणी वाहिलं आणि किती दवाखाने केले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

महापालिकेला जमत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. जमतं. २०२० मध्ये धारावीत ते सगळ्यांनी पाहिलं. १ एप्रिलला तिथे कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत-बाहेरची जागा, लाखोंची वस्ती, दहा बाय दहाची खोली, आणि महापालिकेच्याच म्हणण्याप्रमाणे ऐंशी टक्के माणसं सार्वजनिक शौचालयावर अवलंबून. घरात बसा, अंतर ठेवा, हे सांगणं तिथे निरर्थक होतं. जी-उत्तर विभागाच्या कार्यालयाने, सहायक आयुक्त किरण दिघावकर आणि त्यांच्या माणसांनी, आधी ते मान्य केलं. मग शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली. शाळा आणि क्रीडा संकुलं विलगीकरणासाठी घेतली. बोळांतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन ताप तपासायला फिरले. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं. मला त्यातलं शौचालय धुणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते धुणाऱ्या माणसांची नावं कुणी विचारली नाहीत, म्हणून आज मीही ती देऊ शकत नाही. साथ ओसरल्यावर ते दिवसातून अनेकदा धुणं का थांबावं? हगवण आणि क्षयरोग या वस्त्यांत बाराही महिने असतात.

पैशाचं बोलू. पैसे नाहीत हे उत्तर मी हजारदा ऐकलं आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १० हजार रुपये अबंधित निधी येतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला. यातून दुसरं धरण होणार नाही, पण गटारातला चाळीस फूट पाइप उचलता येतो, मोजे आणता येतात, नळी आणि ओटीची बाटली आणता येते. तुमच्या गावात १० टक्क्यांतून गेल्या वर्षी काय झालं, ते ग्रामसभेत विचारा. ५ टक्क्यांचंही विचारा. बऱ्याच गावांत तो पैसा वर्षाअखेरीस घाईघाईने भांडी-साहित्य वाटून संपवतात. ज्या घराला नळ नाही, त्या घराला स्टीलचा डबा देऊन काय होणार?

आणि विचारायचं कुणाला, हा प्रश्न तर आपण चार वर्षं भोगला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही संपली, बहुतेक जिल्हा परिषदांचीही. त्यानंतर प्रशासक. महापालिकांच्या मतदानाला जानेवारी २०२६ उजाडलं. प्रशासक काम करत नाहीत असं मी म्हणत नाही. पण नळाला गढूळ पाणी आलं की बाई पातेलं घेऊन ज्याच्या दारात जायची, ते दारच या काळात नव्हतं. नांदेड-किरकटवाडीत साथ आली तेव्हा तिथल्या माणसाने निवडून दिलेला, सभागृहात बसणारा एकही नगरसेवक नव्हता. लोकनियुक्त मंडळ नसेल तर वित्त आयोगाचा पैसाही अडतो, म्हणजे निवडणूक लांबवणारा निर्णय फिरून फिरून शेवटच्या नळावरच येतो. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशकं उलटली. पाणी, स्वच्छता, सार्वजनिक आरोग्य हे विषय गावाच्या आणि शहराच्या सभागृहाचे आहेत, असं अकराव्या आणि बाराव्या अनुसूचीत लिहिलं आहे. सभागृहच रिकामं ठेवलं तर ते विषय कुणाचे?

दिवाळीनंतर मी त्या गावात पुन्हा गेले. महिला ग्रामसभेत आजींच्या सुनेने उभं राहून विचारलं होतं, की आमच्या नळाची नोंद निरंक का आहे. नोंदवहीत खरं लिहिलेलं होतं म्हणून तिला विचारता आलं. बंधित निधीतून गटारातला पाइप उचलून बाजूने नेला. व्हॉल्व्हची पाळीही बदलली, आता महिन्यातले पंधरा दिवस पाणी आधी खालच्या वस्तीला सुटतं. मोटारी अजून निघालेल्या नाहीत. हातमोजे आले आहेत, पगार दोन महिन्यांचा मिळाला आहे.

शेवटच्या घरी त्याने नळीत पाणी धरलं, थेंब टाकले, हलवलं. हळूहळू फिकट पिवळा रंग चढला. आजींनी ती नळी त्याच्या हातातून घेतली आणि उजेडाला धरून बराच वेळ बघितली.

"सरपंचाच्या नळाला बी असंच हाय का?"

"तिथं जरा गडद हाय, आजी."

"मंग माझ्या बी गडद कर."